तहकूब सभा

आखितीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी पितरांना पाणी दाखवायची रीत काकासाहेब ठोंबऱ्यांनी कधी चुकवली नव्हती. लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं त्या वर्षीही त्यांनी ती चुकवली नाही. देवघरासमोर गव्हाच्या राशीवर लाल मातीची घागर मांडली, काठोकाठ भरली, तोंडावर आंबा ठेवला आणि बहिणीला, आवडाबाईला म्हणाले, "चला, वाडवडील तृप्त झाले." खामदरीत त्या सकाळी टँकर आलेला नव्हता. घागरीतलं पाणी गायरानातल्या विहिरीचं होतं, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

ती विहीर बहात्तरच्या दुष्काळात रोजगार हमीवर खोदलेली. खोदणारी माणसं मग तिच्याभोवतीच राहिली. भिल्लांची काही घरं, मातंगांची काही. गावातल्या सगळ्या विहिरी माघातच आटल्या होत्या. काकासाहेबांच्या दोन्ही विहिरींत तर आता कबुतरं राहत होती. गायरानातली तेवढी जित्ती होती.

काकासाहेबांची सून तनुजा पुरण वाटत होती, पण तिचं लक्ष पुरणात नव्हतं. सकाळीच मागच्या दाराला सारजाबाई येऊन गेली होती. सारजाबाई वस्तीवरची सगळ्यांत जाणती बाई. या घराच्या कपाशीत तिनं उभं आयुष्य खुरपलेलं. ती आत आली नाही, ओट्यावरही बसली नाही. उभ्याउभ्याच म्हणाली, "सरपंचबाई, उद्याच्या सभेत आमची घरं उठवायचा ठराव हाये म्हणं. अन् हिरीवर टँकर लावायचा. तुमचीच सही लागती म्हणं."

तनुजाला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती म्हणाली, असं काही नसेल. सारजाबाईनं तिच्याकडे नीट पाहिलं.

"तुम्हाला ठाव नाय, का मला सांगायचं नाय?"

सारजाबाई वाट न पाहता निघून गेली. तनुजाला आधी लाज वाटली. पुरण वाटून होईपर्यंत त्या लाजेचा राग झाला.

तीन वर्षांपूर्वी सरपंचपद बाईसाठी राखीव निघालं, तेव्हा तिच्या नवऱ्याची, शिवराजची सगळी तयारी झालेली होती. त्यानं फलकावरचं नाव तेवढं बदललं. निवडून तनुजा आली आणि गाव शिवराजला सरपंच म्हणू लागलं. शिक्का त्याच्या बोलेरोत असायचा. तो कागद आणायचा, बोट ठेवायचा, तनुजा सही करायची. सिल्लोडच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत शिकलेली बाई, पण तीन वर्षांत तिनं एक कागद वाचला नव्हता. वाचू नको असं कुणी म्हणालं नव्हतं. वाचायला वेळच कुणी दिला नव्हता, आणि तिनं मागितला नव्हता.

दुपार व्हायच्या सुमाराला सई आली. सई तिची मुलगी, शहरात कॉलेजला. स्कुटीवर मागं तिची मैत्रीण होती. उंच, डोक्यावरून पातळ ओढणी घेतलेली. हनान तिचं नाव. सुदानहून आलेली, विद्यापीठात राज्यशास्त्रात पीएच.डी. करत होती आणि तिथल्याच बेगमपुऱ्यात एका म्हातारीकडे भाड्यानं राहत होती. तिथली हिंदी बोली तिनं त्या म्हातारीकडूनच उचलली होती. राखीव जागांवर निवडून आलेल्या बायका हा तिचा विषय. सईनं फोनवर आईला सांगितलं होतं, की एक मैत्रीण तुला भेटायला येणार आहे. काय विचारणार हे सांगितलं नव्हतं.

आवडाबाईनं पाहुणीचं पान ओसरीवर, पण जरा बाजूला मांडलं. सईनं ते पाहिलं आणि आपलं पान उचलून तिच्याशेजारी नेऊन ठेवलं.

काकासाहेबांना पाहुणे आवडत. त्यातून परदेशातली, तीही त्यांचं बोलणं लिहून घेणारी. त्यांनी गावची लोकसंख्या सांगितली, आपण वीस वर्षं सरपंच होतो तेव्हा काय काय केलं ते सांगितलं. हनान मधूनमधून तनुजाकडे वळून विचारायची, की तुम्हाला काय वाटतं, आणि काकासाहेब सांगायचे तनुजाला काय वाटतं. आमरस वाढत तनुजा उभी होती. शेवटी हनाननं विचारलं, कार्यालयात तुम्ही किती वाजता जाता. काकासाहेब हसले. म्हणाले, "बेटी, ते सगळं शिवराज बघतो. तू सरपंच मलाच समज, विचार काय विचारायचं ते."

शिवराजही हसला. ओसरीवरचे सगळेच हसले, आवडाबाईसुद्धा.

तनुजानं रसाचं पातेलं खाली ठेवलं.

"उद्याच्या सभेत गायरानाचा विषय आहे," ती म्हणाली. "मला कुणी सांगितलं नाही."

काकासाहेबांनी घास तोंडात घातला आणि चावत राहिले. शिवराज म्हणाला, सहीच्या वेळी सांगणारच होतो, आता पाहुण्यांसमोर काय त्याचं. तनुजानं विचारलं, ठरावात काय लिहिलंय. तो म्हणाला, गायरानावरची अतिक्रमणं काढायची, विहीर पंचायतीनं ताब्यात घ्यायची, टँकर भरायचं काम ठेक्यानं द्यायचं. ठेका कुणाला, असं तिनं विचारलं. त्यानं रसाची वाटी पुढं ओढली. गावात टँकर त्याच्या एकट्याचे होते.

"मी सही करणार नाही," तनुजा म्हणाली.

शिवराज पानावरून उठला नाही, पण त्याचा हात थांबला. आपण कुणाचं वाईट चिंतलेलं नाही, असं त्याचं प्रामाणिक मत होतं. चैत्रात त्यानं आपल्या हातानं मोसंबीची बाग तोडली होती. बापानं लावलेली, त्यानं वाढवलेली झाडं सरपण म्हणून गेली. त्या रात्री तो जेवला नव्हता, आणि ते याच बायकोला माहीत होतं. शेती संपली होती. उभं राहत होतं ते फक्त शहर. वाळूजच्या कारखान्यांकडून गोदामं सरकत सरकत खामदरीच्या शिवेला टेकली होती, डांबरी रस्त्याला प्लॉटिंगचे झेंडे लागले होते, आणि त्या सगळ्यांना पाणी हवं होतं. पाण्यावर जो बसेल तो तगेल, हे त्याला लख्ख दिसत होतं. वस्तीला तो ओढ्याकाठी जागा देणार होता. तसं त्यानं ठरवलं होतं. कुठं लिहिलं नव्हतं एवढंच.

आणि हे सगळं आता परक्या बाईसमोर, पितरांच्या ताटावर. राग बायकोवर काढता येईना म्हणून तो मुलीवर वळला.

"कुठून धरून आणलीस गं ही काळी बाई? घरात पाऊल टाकलं अन् घर फिरवलं हिनं."

तो मराठीत बोलला होता. सईचा चेहरा उतरला. हनाननं हातातला चमचा वाटीत ठेवला.

"मेरे को मराठी समझता, भाईसाब," ती म्हणाली. "बोलने नहीं आता उत्ता."

मग हनानच पुढं बोलत राहिली. तिला वाटलं असतं तर ती उठून गेली असती, आणि तेच योग्य झालं असतं असं सईला पुढं बरेच दिवस वाटत राहिलं. पण ती गेली नाही. तिनं शिवराजकडे पाहिलंही नाही. ती तनुजाशी बोलत होती.

तिची आई खार्तूममध्ये शाळेत शिकवायची. तिकडंही सभागृहात बायकांच्या राखीव जागा आल्या, तेव्हा सत्तेतल्या पक्षानं आईला बोलावून यादीत घातलं. वडिलांनी भाषणं लिहून दिली. घरी गाडी आली. त्या देशात तेव्हा एक कायदा होता. बाईनं पँट घातली, डोकं झाकलं नाही, तरी पोलीस उचलून न्यायचे आणि फटके मारायचे. काही बायकांनी तो रद्द करायची मागणी केली. सभागृहात हात वर करायची वेळ आली, तेव्हा हनानच्या आईनं पक्षानं सांगितलं त्या बाजूनं हात वर केला. कायदा राहिला. पुढच्याच वर्षी हनानची धाकटी बहीण, सुहा, एका लग्नाच्या हॉलमधून पकडली गेली. पँट घातली होती. आई ठाण्यावर धावली, आपण सभासद आहोत म्हणून सांगितलं. त्यांनी तिला व्हरांड्यात उभं ठेवलं. आतला आवाज तिथं ऐकू येत होता.

"गिनती भी सुनी अम्मी ने," हनान म्हणाली. "एक एक."

ती पुढं म्हणाली, की गेल्या वर्षभरात मी आईशी बोललेली नाही.

तनुजाला वाटलं होतं, हे ऐकून आपल्याला रडू येईल. तिला संताप आला, आणि तोही हनानवरच.

"तुमच्या आईनं हात वर केला नसता तर?" तिनं विचारलं. "तिचं काय झालं असतं, ते सांगा ना. ते तुम्ही लिहिता का कधी?"

हनान म्हणाली, वडिलांनी घराबाहेर काढलं असतं.

"मग? ते कुणी तुमच्या आईला विचारलं का? तुम्ही तरी?"

"नहीं," हनान म्हणाली. "नहीं पूछा."

काकासाहेबांनी पानावर पाणी सोडलं आणि हात धुतले. आवाज न चढवता बोलणं ही त्यांची जन्माची कमाई होती. ते म्हणाले, आखितीला लेकी माहेरी जातात, सूनबाई किती वर्षांत सिल्लोडला गेल्या नाहीत. "शिवराज, जेवणं आटपली की सोडून ये हिला. दोन दिवस राहू दे आईपाशी."

"उद्या सभा आहे, आबा," तनुजा म्हणाली.

एक मेची ग्रामसभा माणसं जमली नाहीत म्हणून तहकूब झाली होती, तीच उद्या भरायची होती. तहकूब सभेला माणसं मोजायची गरज नसते. हे काकासाहेबांना जितकं पाठ होतं तितकं गावात कुणालाच नव्हतं. ते म्हणाले, सरपंच हजर नसला तर उपसरपंच सभा घेतो, कायद्यात तसं आहे, रामकिसन घेईल. रामकिसन त्यांचाच माणूस होता.

"मी जात नाही."

"मग या घरात सून म्हणून राहायचं का सरपंच म्हणून, ते ठरवा," काकासाहेब म्हणाले. "दोन्ही नाय जमायचं."

सई उठली. ती आजोबांना कधी उलटून बोलली नव्हती. आताही तिच्या तोंडून एवढंच निघालं, की आई कुठं जाणार नाही, आणि मग बापाकडे वळून, पप्पा तुम्ही हनानची माफी मागा. शिवराजनं तिला बस म्हटलं. ती बसली नाही, आणि माफीही कुणी मागितली नाही.

स्वयंपाकघरात आवडाबाई तनुजाच्या मागोमाग आली. ती भावाच्या बाजूची होती. तीस वर्षं त्याच्याच बाजूची होती. नवऱ्यानं दुसरी केली तेव्हा भावानं बैलगाडी पाठवून तिला आणलं होतं, ते ती विसरली नव्हती. तिनं तनुजाला समजावलं. दोन दिवसांचा प्रश्न आहे. बाईच्या जातीनं एवढं ताणू नये. मी पण होते की सरपंच, पहिल्या राखीव जागेवर, माझं काय बिघडलं.

तनुजा भांडी ओढून ओढून ठेवत होती. "तुम्ही कुठल्या ठरावावर सही केली होती, आठवतं का, आत्याबाई?"

"सही कुठली? अंगठा द्यायचे मी."

"तुम्हाला सही येते की. पोथी वाचता तुम्ही."

आवडाबाई म्हणाली, "दादा म्हणला, सहीला लई वेळ लागतो. अंगठा लाव."

ती हे सहज बोलून गेली. आणि बोलून झाल्यावर तिलाच ते ऐकू आलं.

चौथी पास होती ती. तिचं अक्षर मास्तर वर्गाला दाखवत. आणि पाच वर्षं, दर महिन्याला, ती शाईत अंगठा बुडवत राहिली. कारण भावाला घाई होती. कार्यालयात खुर्ची होती, पण ती दाराशी सतरंजीवर बसायची. सव्वीस जानेवारीला झेंड्याची दोरी भाऊ ओढायचा आणि ती नारळाचं ताट धरून उभी राहायची. गावातली पोरं तिला 'अंगठाबाई' म्हणायची. तिला वाटायचं, तिच्या हाताला लागलेल्या शाईमुळं म्हणतात. ती घासघासून हात धुवायची.

आवडाबाईनं पदर खोचला आणि ती ओसरीवर गेली. काकासाहेब सुपारी कातरत होते, शिवराज गाडीची किल्ली शोधत होता.

"ही सिल्लोडला जायची नाय, दादा."

काकासाहेबांनी मान वर केली नाही. "आवडे, तू यात पडू नको."

"हिला घराबाहेर काढायचं तर माझ्या वाट्यातून काढावी लागल. माझा वाटा अजून माझाच हाय. हक्कसोड मी केली नाय."

शिवराज किल्ली शोधायचा थांबला. यंदा त्यानं दोनदा विषय काढला होता, की आत्या, तेवढं हक्कसोडपत्र करून टाकू, आखिती झाली की रजिस्ट्री कचेरीत जाऊ. रस्त्याकडच्या जमिनीचे प्लॉट पाडायचे तर बापाच्या बहिणीनं वाटा सोडल्याचा कागद लागणार होता. आवडाबाई दोन्ही वेळा व्हय म्हणाली होती.

"अन् आता करायची पण नाय," ती म्हणाली.

काकासाहेबांनी अडकित्ता खाली ठेवला. "तीस वर्षं खाऊ घातलं तुला."

"रांधलं कुणी?"

एवढं बोलून ती तिथंच खांबाला टेकून बसली. भावासमोर ती जन्मात पहिल्यांदा बोलली होती, आणि तिला मोकळं वगैरे काही वाटत नव्हतं. इतकी वर्षं गेली, याचाच तिला भयंकर राग येत होता.

ऊन उतरल्यावर तनुजा गायरानाकडे निघाली. सई आणि हनान जायला निघाल्या होत्या. हनान बाभळीच्या सावलीत उभी राहून फोनवर अरबीत बोलत होती. आवाज चढलेला होता, मधेच फुटत होता. सई म्हणाली, तिच्या आईला लावलाय. भांडतेय की काय कळत नाही. तनुजा थांबली नाही. मघाशी आपण त्या मुलीला फार टाकून बोललो, असं तिला वाटलं, आणि ते चुकीचं नव्हतं असंही वाटलं.

वस्तीत तिला कुणी खाट टाकून दिली नाही. तिनं उभ्यानंच सांगितलं, की ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यावी लागते, आपल्या गावात ती आजवर कागदावरच झाली, उद्या सकाळी ती खरोखर घ्यायची आहे, इथं, विहिरीवर. ही गोष्ट ती कॉलेजात शिकली होती. तीन वर्षांत आठवली नव्हती.

सारजाबाई म्हणाली, "तुमच्या नाय म्हणण्याला तुमच्या घरात कोण इचारतं?"

"कुणी नाही. म्हणून तुम्ही सगळ्या लागता."

सारजाबाई हसली नाही. येऊ, म्हणाली.

सकाळी वस्तीच्या बायका विहिरीच्या काठाला बसल्या आणि गावातल्या बायका खालून हंडे घेऊन आल्या. टँकर त्या दिवशीही आला नव्हता; तो मुद्दामच अडवला असावा. गावाच्या बायका सभेला आल्या नव्हत्या, पाण्याला आल्या होत्या. गोजरबाई, उपसरपंच रामकिसनची बायको, पुढं झाली. तिनं काठावर हंडा ठेवला आणि म्हणाली, ठराव-बिराव नंतर करा, आधी भरू द्या.

सारजाबाई उठली. तिनं तो हंडा उचलून बाजूला ठेवला.

"तुमच्या हिरीवर आम्हाला कधी चढू दिलं, गोजरबाई? माझी सासू तुमच्या आडापाशी तासन् तास उभी राहायची, कुणी वरून वतलं तर पाणी. आज तुमचा आड आटला अन् आमची हीर गावाची झाली व्हय?"

हे खरं होतं, आणि तिथल्या प्रत्येकीला ते खरं आहे हे माहीत होतं. गोजरबाई आधी फणफणली. तुमच्या जागेचा तुमच्याकडे कागद आहे का, असंही म्हणाली. वस्तीवरच्या पोरी उठल्या. तनुजाला वाटलं, सभा इथंच मोडणार. आणि मोडली तर सारजाबाईला दोष देता येणार नाही. ती मधे पडली नाही. मधे पडायचा आपल्याला काय हक्क, ठोंबऱ्यांच्या घरात काल हेच पाणी पितरांपुढं ठेवलं होतं.

भांडण लांबलं. शेवटी गोजरबाई थकून खाली बसली. म्हणाली, घरात म्हातारी आजारी आहे, रात्रीपासून घोटभर पाणी नाही, काय करू सांग. सारजाबाईनं तिच्याकडे बघितलं आणि मग आपल्या बायकांकडे बघितलं. टँकर लागला तर ही विहीर आठ दिवसांत तळ दाखवेल, मग ना वस्तीला ना गावाला; हे कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

"पहिला नंबर वस्तीचा," सारजाबाई म्हणाली. "मग तुमचा. टँकर कुणाचाच नाय. अन् आमच्या घरांना हात लावायचा नाय. हे कबूल असंल तर भर."

गोजरबाईनं कबूल केलं. बाकीच्यांनी केलं. ग्रामसेवक, नवा आलेला तरुण माणूस, मोटारसायकलवरच बसून लिहीत होता आणि पुन्हापुन्हा गावाकडे बघत होता, कुणी आपल्याला इथं पाहतंय का म्हणून.

ग्रामसभा शाळेच्या व्हरांड्यात भरली. काकासाहेब नेहमीप्रमाणं खुर्चीत बसले होते. शेजारी रामकिसन, समोर सतरंजीवर पुरुष. बायका आल्या तेव्हा पुरुषांना सरकून जागा करावी लागली, आणि वस्तीच्या बायका सतरंजीवर बसल्या तेव्हा काहीजण उठून भिंतीला जाऊन उभे राहिले. सगळ्यांच्या मागून आवडाबाई आली. सरपंचपद सुटल्यापासून तिनं या व्हरांड्यात पाय ठेवला नव्हता.

तनुजा खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली. घरात सासऱ्यांसमोर ती कधी बसत नसे, आणि त्यांच्याशी बोलताना पदर डोक्यावर असे. तो आत्ताही होता.

"आबा, ती खुर्ची सरपंचाची आहे. उठा."

काकासाहेब तिच्याकडे बघत राहिले. ते उठले नाहीत. तिनं पुन्हा सांगितलं नाही. खुर्चीकडे पाठ केली आणि सभेकडे तोंड करून उभ्यानंच बोलायला लागली. महिला सभेत काय ठरलं ते सांगितलं. मग शिवराजचा ठराव वाचून दाखवला, सगळा, एकही शब्द न गाळता.

शिवराज बोलायला उठला. तो चांगलं बोलला. शेती गेली, आता शहर आपल्या दारात आलंय, त्याला पाणी विकू नाहीतर त्याच्या दारात मजुरी करू, असं म्हणाला. पुष्कळ माना हलल्या. मग मागून एका पुरुषानं विचारलं, टँकर दोन दिवस का आला नाही. शिवराज म्हणाला, गाडी बिघडली होती. बन्सी, त्याचा ड्रायव्हर, दाराशीच उभा होता. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं जमिनीकडे पाहिलं.

शिवराज खाली बसला. त्यानं बायकोकडे पाहिलं. ती त्याच्याकडे पाहत होती आणि तिच्या डोळ्यांत जिंकल्याचं काही नव्हतं. मोसंबी तोडली त्या रात्री तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला होता. तसा हात आता ती पुन्हा ठेवणार नाही, हे त्याला कळलं. आणि कळल्यावर त्याला तिचा अधिकच राग आला.

विहिरीवर टँकर लावू नये आणि वस्तीला हात लावू नये, यासाठी हात वर झाले. बायकांचे सगळे. पुरुषांचे काही आधी, काही इकडंतिकडं बघून. रामकिसननं हात वर केला नाही. पण शिवराजच्या ठरावाला हात मागितले, तेव्हाही त्याचा हात मांडीवरच राहिला. गोजरबाई त्याच्यासमोर बसली होती.

काकासाहेब तेव्हा पहिल्यांदा बोलले. सभेला उद्देशून नाही, सुनेला. "महिन्याच्या आत अविश्वास आणतो. सदस्य माझे आहेत. हे पद तुझं राहणार नाही अन् हे घरही."

"आणा," तनुजा म्हणाली. "पदाचं तुम्ही बघा. घराचं आत्याबाई बघतील."

तिनं ठरावाचा कागद ग्रामसेवकापुढं ठेवला.

ग्रामसेवकानं इतिवृत्त लिहायला घेतलं. पहिल्याच ओळीला अडला. त्यानं खुर्चीतल्या काकासाहेबांकडे पाहिलं, उभ्या असलेल्या तनुजाकडे पाहिलं. त्याला दोघांचीही भीती वाटत होती.

"मॅडम, अध्यक्षस्थानी कुणाचं नाव लिहू?"

"माझं," तनुजा म्हणाली. "तनुजा शिवराज ठोंबरे, सरपंच. आणि त्यापुढं लिहा, सभा संपेपर्यंत उभ्या होत्या."